दिवाळीचा फराळ संपला की सुया काढा: नाताळचा मोठा मोजा घरी कसा विणायचा

“अगं पण पायात घालायचाच नाही तर त्याला टाच कशाला?” आईने व्हिडिओ कॉलवर मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात अर्धवट विणलेला लाल मोजा होता आणि नेमकी टाचच अडली होती. मी मूळची नाशिकची, विणकाम आईकडून शिकले, दोन सुयांवरचं, म्हणजे बाळाची टोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, मफलर असं सगळं. मोजा मात्र आमच्या घरात कधी कुणी विणला नव्हता, तिकडे तशी थंडीच कुठे पडते. लग्नानंतर मिनियापोलिसला आले, मुलगी झाली, आणि शेजारच्या आजींनी (नॉर्वेहून आलेल्या घराण्यातल्या, ऐंशीच्या पुढच्या) त्यांचा स्वतःचा लहानपणीचा मोजा आणून दाखवला. वरच्या पट्टीवर नाव, खाली जन्माचं साल, लोकर जागोजागी विरलेली पण नाताळचा खाऊ आणि भेटी भरायला मोजा अजून दर डिसेंबरला लटकतो. इकडे कितीतरी घरांत अशीच पद्धत आहे, मूल जन्मलं की आजी किंवा मावशी त्याच्या नावाचा मोजा विणते आणि तो जन्मभर त्याचाच राहतो. म्हटलं आपल्या लेकीलाही हवा, आणि नाव देवनागरीतच हवं.

आतापर्यंत माझे असे सहा मोजे विणून झालेत, त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहिते. ज्यांना सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणं येतं त्या सगळ्यांना हे जमेल, मोजा आधी विणलेला नसला तरी. खरं तर पहिला मोजा शिकायचा असेल तर हाच विणा, कारण लोकर जाड असते, टाके मोठे दिसतात, पायाच्या मापाची काळजी नाही आणि जोडी करायची नसते, एकच पुरतो.

फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवायची, की हा मोजा पायात जाणार नाही, तो खिळ्याला लटकणार आणि त्यात वजन भरलं जाणार. पायातला मोजा ताणला जायला हवा, हा ताणला जाता कामा नये. माझा पहिला मोजा मी मऊ, सैल, लुसलुशीत विणला आणि त्यात दोन संत्री, चॉकलेटं आणि एक पुठ्ठ्याचं पुस्तक घातलं तर सकाळपर्यंत तो हातभर लांब झाला होता आणि टाच पोटरीसारखी दिसत होती. त्यामुळे खाली जिथे जिथे मी घट्ट, दुहेरी, मजबूत असं म्हणतेय ते त्या अनुभवातून आलंय.

लोकर आणि सुया

इकडे जिला वर्स्टेड म्हणतात त्या जाडीची लोकर लागते, १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर येते ती. लाल १५० ग्रॅम घ्या आणि पांढरी १०० ग्रॅम, दोन्हीतली थोडी उरेल पण कमी पडण्यापेक्षा उरलेली बरी. भारतात बहुतेक दुकानांत चार पदरी बारीक लोकर मिळते, तर दोन गुंड्यांचे धागे एकत्र धरून विणायचं, जाडी जवळपास तीच होते. शंभर टक्के लोकर असेल तर मोजा आकार छान धरतो. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपी आणि कसर लागत नाही, पण ती वजनाने जास्त ओघळते आणि आगीजवळ वितळते, म्हणून अ‍ॅक्रिलिकचा मोजा पेटत्या शेकोटीवर अजिबात लटकवायचा नाही.

लाल लोकर आणली की सगळ्यात आधी तिचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा. रुमाल गुलाबी झाला तर ती लोकर पांढऱ्याबरोबर वापरायची नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे पण आधी केलं नाही तर तीन आठवड्यांची मेहनत पहिल्या धुण्यात गुलाबी होते.

सुयांच्या नंबरांत फार गोंधळ होतो. भारतातल्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि अमेरिकेत बरोबर उलटं. ७ नंबर तेवढा दोन्हीकडे सारखाच, साडेचार मिलिमीटर. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा. या जाडीच्या लोकरीच्या लेबलवर साधारण साडेचार किंवा पाच मिलिमीटर लिहिलेलं असतं, आपण मुद्दाम बारीक म्हणजे ४ मिलिमीटरची घ्यायची (भारतातली ८ नंबर, अमेरिकेतली ६ नंबर), म्हणजे वीण घट्ट येते.

सुया दोन प्रकारच्या चालतात, दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुयांचा सेट, नाहीतर ८० सेंटिमीटरची गोल सुई, जिची मधली वायर बाहेर ओढून लहान घेर विणता येतो. ४० सेंटिमीटरची गोल सुई घेऊ नका, आपला घेरच ३० सेंटिमीटरचा आहे, टाके ताणले जातात. दोन साध्या सुयांवर वरचा भाग सपाट विणून मागे शिवता येतो, मी तसं करून पाहिलंय, पण टाचेनंतर दोन शिवणी सांभाळत बसावं लागतं आणि शिवण दिसते, त्यापेक्षा सेट आणा. बाकी टाक्यांत अडकवायच्या चार-पाच खुणेच्या रिंगा (नसल्या तर वेगळ्या रंगाच्या लोकरीचे छोटे फास), मोठ्या नाकाची बोथट सुई, मेजर टेप आणि कात्री एवढंच.

नमुना विणल्याशिवाय पुढे जायचं नाही

२६ टाके घालून चार-साडेचार इंच सपाट विणा, एक ओळ सुलट एक ओळ उलट (आमची आई ओळीला सुईच म्हणते, “दहा सुया झाल्या का?” असं), आणि मधोमध १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. २० टाके आणि साधारण २७ ओळी आल्या तर माझी खालची सगळी मापं तंतोतंत लागू. १९ किंवा २१ आले तरी काही बिघडत नाही, मोजा बोटभर मोठा किंवा लहान होईल इतकंच. पण कापड खिडकीच्या उजेडात धरून बघा, आरपार भोकं दिसत असतील तर आणखी बारीक सुई घ्या. हे कापड जरा ताठच वाटायला हवं, स्वेटरसाठी आपण असं कधी विणणार नाही.

या मापाने एका मोज्यात नऊ हजारांच्या आसपास टाके होतात. रोज तास-दीड तास बसलात तर नव्या हाताला सुद्धा दोन-तीन आठवडे पुरतात, म्हणून म्हणते फराळाचे डबे रिकामे झाले की लगेच सुरू करा, डिसेंबरच्या वीस तारखेला सुरू केलेला मोजा पुढच्या नाताळलाच लटकतो.

वरची पांढरी पट्टी

पांढऱ्या लोकरीने ६० टाके घाला. सुयांचा सेट असेल तर चार सुयांवर १५-१५ वाटा आणि पाचवीने विणा. आता गोल जोडण्याआधी सगळं टेबलावर ठेवा आणि बघा की टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना, कुठे सुईभोवती पिळा तर पडला नाहीये ना. पिळा पडलेला असताना जोडलं तर ते पुढे कशानेच सरळ होत नाही, उसवावंच लागतं, आणि लक्षात येतं तेव्हा आठ-दहा फेऱ्या झालेल्या असतात. जोडल्यावर तिथे एक खूण अडकवा, ती फेरीची सुरुवात, आणि ती मोज्याच्या मागच्या बाजूला मधोमध येणार आहे.

आता ८ फेऱ्या नुसत्या सुलट. गोल विणताना सुलट बाजू कायम आपल्याकडेच असते त्यामुळे उलट ओळ येतच नाही, हे दोन सुयांवाल्यांना पहिल्यांदा विचित्र वाटतं. मग १ फेरी पूर्ण उलट टाक्यांची, ही घडीची रेघ. त्यानंतर २६ फेऱ्या परत सुलट. शेवटी त्या पहिल्या ८ फेऱ्या घडीच्या रेघेवर आत दुमडून आतून टाचायच्या, म्हणजे मोज्याचं तोंड दुहेरी होतं. बहुतेक जण इथे एक सुलट एक उलट अशी स्वेटरच्या कडेसारखी वीण घालतात, मला ती इथे आवडत नाही, ती आत ओढली जाते आणि मोज्याचं तोंड अरुंद होतं, शिवाय त्यावर नाव नीट उमटत नाही. दुहेरी कड सपाट राहते आणि लटकवायच्या फासाचं सगळं ओझं घेते.

२६ फेऱ्या झाल्या की पांढरी तोडून लाल जोडा, पाच-सहा इंचाची शेपटी सोडून. रंग बदलतो तिथे एका टाक्याची पायरी दिसते, ती मागे असल्यामुळे काळजी नको. लाल रंगाच्या ५० फेऱ्या सुलट विणा, फक्त पन्नासावीतले शेवटचे १५ टाके सोडून, ते टाचेला लागतात. हा सगळ्यात निवांत भाग, गप्पा मारत, मालिका बघत होतो.

साधा लाल कंटाळवाणा वाटला तर या ५० फेऱ्यांत नक्षी टाकता येते. शेजारच्या आजींच्या मोज्यावर आठ पाकळ्यांची चांदणी होती, नॉर्वेतल्या सेल्बू गावची. मारित एमस्टाड नावाच्या मुलीने १८५७ साली त्या नक्षीचे हातमोजे विणले आणि तिथून ती गावभर आणि पुढे जगभर गेली असं तिकडे मानतात. बर्फाचा कण म्हणून आज आपण जे स्वेटरवर बघतो ते बऱ्याचदा मूळचं हेच फूल. दोन रंग एकत्र विणताना जो रंग वापरात नसतो तो मागून आडवा धावतो, तो पाच टाक्यांपेक्षा लांब धावू द्यायचा नाही, मध्येच चालू धाग्याखाली एकदा अडकवून घ्यायचा, नाहीतर पोरं हात घालतात तेव्हा बोटं त्यात गुंततात आणि अख्खी नक्षी ओढली जाते. आणि लक्षात ठेवा, आपण वरून खाली विणतोय, त्यामुळे झाड किंवा माणूस विणायचा असेल तर नक्षीचा कागद वरच्या ओळीपासून वाचायचा. चांदणीला वरखाली नसतं, म्हणून पहिल्यांदा चांदणीच घ्या.

टाच, जिला सगळे घाबरतात

आईच्या प्रश्नाचं उत्तर असं, की टाच नसेल तर ती नुसती लांब पिशवी होते. मोज्याला पाऊल पुढे वळलेलं हवं तरच तो लांबून मोजा दिसतो. आणि टाच कठीण नाहीये, फक्त वाचून समजत नाही, हातात सुया घेऊन एकेक ओळ वाचत विणली की समजते.

पन्नासाव्या फेरीत शेवटचे १५ टाके विणू नका, तिथे थांबा आणि लाल धागा तोडा. आता पांढरी लोकर घ्या आणि ते १५ आणि खुणेपलीकडचे १५ असे मिळून ३० टाके एका सुईवर सुलट विणा, खूण काढून टाका. हे ३० टाचेचे. उरलेले ३० पुढचे, म्हणजे पायाच्या वरच्या बाजूचे, त्यांना हात लावायचा नाही, सुईवर तसेच झोपू द्या.

आता फक्त या ३० वर सपाट, पुढेमागे विणायचं. उलट बाजूने पहिला टाका न विणता नुसता सरकवा, २९ उलट. सुलट बाजूने पहिला सरकवा, २९ सुलट. आधीची ओळ धरून अशा ३० ओळी होईपर्यंत विणा, शेवटची ओळ उलट बाजूची येईल. पहिला टाका दरवेळी सरकवल्यामुळे दोन्ही कडांना साखळीसारखे १५-१५ मोठे टाके दिसतील, ते पुढे उचलायचे आहेत म्हणून सरकवायला विसरू नका. ही झाली टाचेची पट्टी, आत्ता ती चौकोनी जिभेसारखी लोंबतेय.

पुढे जायच्या आधी टाके कमी करायच्या दोन पद्धती ठरवून घेऊ. दोन टाके एकत्र सुलट विणले की घट उजवीकडे झुकते, तिला मी उजवी घट म्हणते. दुसरीत दोन टाके एकेक करून, सुलट विणायला सुई घालतो तशी घालून, उजव्या सुईवर सरकवायचे आणि मग डावी सुई त्या दोघांत पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे, ती डावीकडे झुकते, ती डावी घट.

टाच वळवणे: सुलट बाजू समोर. १७ सुलट, डावी घट, १ सुलट, आणि इथेच वळा, दहा टाके न विणलेले राहतील, राहू द्या. उलट बाजू: १ सरकवा, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, वळा. इकडेही दहा राहतील. सुलट: १ सरकवा, ६ सुलट, डावी घट, १ सुलट, वळा. उलट: १ सरकवा, ७ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, वळा. आता तुमच्या लक्षात येईल की दरवेळी मधले एकाने वाढतायत आणि जिथे मागच्या वेळी वळलो तिथे एक फट दिसतेय, घट नेमकी त्या फटीवर येते, फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन मिळून. मोजायची गरजच नाही मग, फट दिसली की घट, पुढचा एक विणा, वळा. असं ८, ९, १० करत शेवटच्या उलट ओळीत मधले १५ येतात आणि दोन्ही बाजूंचे टाके संपतात. सुईवर १८ उरले पाहिजेत, एकूण १२ ओळींत. कापड आपोआप वाटीसारखं वळलेलं असेल. मला पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आईला परत फोन लावून दाखवलं होतं, ती म्हणाली, “थांब, कॅमेरा जवळ घे, कुठे शिवलंयस?” आणि शिवलेलं कुठेच नव्हतं.

कळी

झबल्याला किंवा कुर्त्याला काखेत जशी कळी लावतात तसंच इथे आहे, टाच आणि पाऊल यांच्यामधला तिरका तुकडा. पांढरी तोडा, लाल जोडा. १८ टाके सुलट. मग टाचेच्या पट्टीच्या कडेने त्या साखळीच्या प्रत्येक टाक्यात सुई घालून धागा बाहेर ओढा, १५ टाके उचला, आणि पट्टी जिथे पुढच्या टाक्यांना भेटते त्या कोपऱ्यात एक जास्तीचा, म्हणजे १६. हा जास्तीचा नाही घेतला तर तिथे हमखास भोक पडतं. मग पुढचे झोपलेले ३० सुलट विणा, दुसऱ्या कडेने परत कोपऱ्यातला एक आणि १५ असे १६ उचला, आणि टाचेच्या १८ मधले ९ विणून थांबा. इथे खूण अडकवा, आता फेरी तळव्याच्या मधून सुरू होणार. एकूण ८० टाके. नसतील तर आत्ताच मोजून शोधा कुठे राहिला, पुढे गेल्यावर सापडत नाही.

आता एक फेरी अशी: २२ सुलट, उजवी घट, १ सुलट, मग पुढचे ३० सुलट, १ सुलट, डावी घट, २२ सुलट. पुढची फेरी नुसती सुलट. या दोन फेऱ्या आलटून पालटून, दर घटीच्या फेरीत तो २२ चा आकडा एकाने कमी होत जाईल, दहा वेळा केलं की ६० वर येतो. पुढच्या ३० टाक्यांच्या दोन्ही बाजूंना खुणा लावून ठेवल्यात तर आकडे लक्षात ठेवायला लागत नाहीत, खुणेच्या आधी तीन टाके राहिले की घट, एवढंच.

मग साध्या १६ फेऱ्या.

चवडा

परत पांढरी. फेरी अशी: १२ सुलट, उजवी घट, १ सुलट, १ सुलट, डावी घट, २४ सुलट, उजवी घट, १ सुलट, १ सुलट, डावी घट, १२ सुलट. पुढची साधी. प्रत्येक घटीच्या फेरीत चार टाके कमी होतात, एकाआड एक सात वेळा केलं की ३२ उरतात, त्यानंतर मधली साधी फेरी सोडून सलग चार फेऱ्यांत घट, उरले १६. धागा हातभर सोडून तोडा, बोथट सुईत ओवा, सोळाही टाक्यांतून दोनदा फिरवा, ओढून घट्ट करा, सुई आत घालून गाठ आतल्या बाजूला मारा. पायातल्या मोज्याला इथे सपाट जोड देतात कारण गाठ बोटांना टोचते, आपल्याला ती अडचण नाही आणि गोल टोक जास्त मजबूत राहतं.

चवडा मी मुद्दाम जरा ऐसपैस ठेवते कारण तिथे संत्रं जातं. ही पद्धत कुठून आली त्याची गोष्ट अशी सांगतात, की चौथ्या शतकात मायरा गावात (आजच्या तुर्कस्तानात) निकोलस नावाचे बिशप होते, त्यांनी एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यांत जाऊन पडलं. त्या सोन्याची आठवण म्हणून टोकात संत्रं. आमच्या घरी आम्ही तेच ठेवतो आणि लेक सगळ्यात आधी हात टोकापर्यंत घालून ते चाचपते. मोजा विणून झाला की एक संत्रं घालून बघाच, टोक नीट गोल भरतं.

नाव, देवनागरीत

हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि याबद्दल मला कुठेच काही तयार मिळालं नाही, इंग्रजी अक्षरांचे चौकटीचे नमुने ढिगाने असतात, आपले स्वतःच काढावे लागतात. नाव विणताना घालायचं नाही, नंतर टाक्यावर टाका घालून भरायचं, म्हणजे चुकलं तर उसवता येतं.

आधी कागद. सुलट टाका चौकोनी नसतो, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, आपल्या मापात ५ मिलिमीटर रुंद आणि पावणेचारपेक्षा कमी उंच. त्यामुळे साध्या आलेखाच्या कागदावर सुंदर काढलेलं नाव मोज्यावर बसकं दिसतं. उपाय सोपा आहे, जितकी जागा आडव्या ३ टाक्यांना लागते तितकीच उभ्या ४ फेऱ्यांना, म्हणून कागदावर अक्षरं मुद्दाम उंच, सडपातळ काढा. जागा किती आहे? समोरच्या बाजूला ३० टाके, पण कडेचे वळतात म्हणून २६ धरा. उंचीला २६ फेऱ्या, त्यात अक्षराला १०, शिरोरेघेला १, वर वेलांटी-मात्रेला ४, खाली उकाराला ४, उरलेलं वरखाली मोकळं.

समजा ‘मीरा’ लिहायचंय. म ला ६ टाके, दीर्घ वेलांटीच्या काट्यासाठी आणि तिच्या जागेसाठी ३, र ला ४, काना आणि त्याआधीची जागा मिळून २, असं १५-१६ टाक्यांत आरामात बसतं. काना, वेलांटीचा उभा दांडा, शिरोरेघ हे सगळं सरळ रेषेत असल्यामुळे टाक्यांवर फार नीट उतरतं, त्रास होतो तो गोलाव्याचा, र चा तिरका पाय, ळ, ज्ञ. तिथे एक टाका खाली एक टाका बाजूला अशी पायरी करत जायचं. अनुस्वाराचा टिंब एका टाक्याचा काढू नका, तो चुकून पडलेला डाग वाटतो, दोन टाके रुंद आणि दोन फेऱ्या उंच काढा. जोडाक्षरांचं लांबलचक नाव २६ टाक्यांत मावणार नाही, तिथे घरातलं हाक मारायचं नाव घ्या, मुलांना तसंही तेच जवळचं वाटतं.

भरताना मोजा उलटा धरा, पांढरी पट्टी आपल्याकडे, म्हणजे टाक्यांचे इंग्रजी व्ही सरळ दिसतात, आणि नावाचा कागदही उलटा फिरवा. बोथट सुईत लाल लोकर, व्ही च्या खालच्या टोकातून सुई वर काढायची, त्याच्या वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी घालायची आणि परत त्याच खालच्या टोकात खाली. ओढायचं नाही, धागा खालच्या टाक्यावर पांघरूण घातल्यासारखा बसला पाहिजे, ओढला की मधून पांढरं डोकावतं. सुरुवात शिरोरेघेपासून करा, ती एका फेरीत सरळ भरली की खालची अक्षरं तिला टांगून मोजता येतात, आणि बाळबोध वळणात आपण शाळेत उलट शिकलो, आधी अक्षर मग रेघ, पण इथे रेघ आधी बरी पडते. मागच्या बाजूला आजींसारखं जन्मसालही भरा, देवनागरी आकडा प्रत्येकी चार टाक्यांत मावतो.

शेवटची शिवणकामं

लोकरीच्या सगळ्या शेपट्या आतून दोन-तीन इंच फिरवून लपवा. लोकरीचा मोजा असेल तर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट आडवा ठेवून वाळवा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, ती कायमची लुळी पडते.

मग अस्तर. हे करायलाच हवं असं कुणी सांगत नाही पण मी सांगते, कारण लांब ओघळणाऱ्या मोज्यावर खरा इलाज हाच. मी आईची जुनी सुती साडी वापरते, गोधडीला जशी वापरतात तशी, धुऊन धुऊन ती मऊ झालेली असते आणि आणखी आटत नाही. कापड दुहेरी करून त्यावर मोजा ठेवा, कडेने आखा, शिवणीला एक सेंटिमीटर सोडून कापा, पण लांबीला मोज्यापेक्षा बोटभर आखूड ठेवा. आखूड ठेवल्यामुळे वजन अस्तरावर येतं, विणीवर येत नाही. वरचं तोंड उघडं सोडून शिवा, आत सरकवा, पांढरी कड घडीच्या रेघेवर आत दुमडा आणि अस्तराची कड त्या दुमडीखाली घेऊन सगळं एकत्र बारीक टाक्यांनी टाचा. टाके पुढून दिसू नयेत म्हणून विणीच्या फक्त आतल्या उंचवट्यांतून सुई न्या.

फासासाठी दोन टोकांच्या सुईवर पांढऱ्या लोकरीचे ४ टाके घाला, सुलट विणा, आणि वळवू नका, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून ओढून परत सुलट. अशी गोल दोरी आपोआप तयार होते. १६ सेंटिमीटर झाली की बंद करा, मधोमध दुमडा आणि दोन्ही टोकं मागच्या बाजूला, दुहेरी कडेच्या आत तीन सेंटिमीटर खोल घालून अस्तरासकट चारही बाजूंनी शिवा. इथे आळस नको, सगळं वजन या बोटभर जागेवर असतं. शिवून झालं की किलोभर तांदळाची पिशवी आत घालून रात्रभर लटकवून बघा, सकाळी फास जागेवर असेल आणि मोजा तेवढाच असेल तर झालं.

जानेवारीत ठेवताना आतला चॉकलेटचा चुरा नीट झटकून घ्या, सुती कापडात गुंडाळा, लोकरीचा असेल तर सोबत सुकलेला कडुनिंबाचा पाला. उरलेली लाल-पांढरी लोकर लेबलसकट त्याच पिशवीत ठेवा आणि एका चिठ्ठीवर सुईचा मिलिमीटर आणि १० सेंटिमीटरमधले टाके लिहून ठेवा, दुसऱ्या भावंडाचा मोजा शेजारी लटकणार तेव्हा दोन्ही एकाच मापाचे लागतात, आणि मुलं ते टेप घेऊन मोजतात.